अग्निबाणांचं वेड असलेली लिली

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की राजे, लढाया, तह आठवतात. त्या काळात शाळेत जाणारी एखादी मुलगी काय वाचत होती, कशाला घाबरत होती, हे त्यात सहसा नसतं. मलिंडा लो यांची ‘लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब’ (२०२१) ही किशोरांसाठीची इंग्रजी कादंबरी नेमकं तेच सांगते. त्याच वर्षी तिला अमेरिकेतला नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळाला.

काळ १९५४चा, जागा सॅन फ्रान्सिस्कोमधलं चायनाटाउन. सतरा वर्षांच्या लिली हूला अग्निबाणांचं वेड आहे. तिची आत्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत ‘कॉम्प्युटर’ आहे. म्हणजे यंत्र नव्हे! हातानं आकडेमोड करणाऱ्या माणसांना, तिथे बहुतेक स्त्रियांनाच, तेव्हा हे नाव होतं. विमान चालवण्याची स्वप्नं पाहणारी वर्गमैत्रीण कॅथ आणि लिली एकमेकींच्या प्रेमात पडतात.

लिलीपाशी अवकाशप्रवासासाठी भरपूर शब्द आहेत. स्वतःच्या मनात काय चाललंय, त्यासाठी मात्र एकही नाही. कानावर येतात ते कुजबुजीतले नाहीतर एका स्वस्त कादंबरीतले. आई तर ‘आपल्या घरात असं कुणी नसतंच’ असं धरूनच बोलते. हा शब्दांचा शोध लो यांनी फार संयमानं रंगवला आहे.

इतिहास इथे नुसता मागचा पडदा नाही. चिनी माणूस म्हणजे कम्युनिस्ट, असा संशय तेव्हा होता. एका रुग्णाविरुद्ध जबाब द्यायला नकार दिल्यामुळे लिलीच्या डॉक्टर वडिलांची नागरिकत्वाची कागदपत्रं जप्त होतात. प्रत्यक्षातही त्या लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक असलेले च्यान श्वेसेन १९५५ साली अशाच संशयापायी अमेरिका सोडून चीनला गेले. त्यामुळे लिलीचं गुपित फुटलं तर संकट सगळ्या घरावर येणार, हे वाचकाला पटतं. आई, वडील आणि आत्या यांच्या पूर्वायुष्याची प्रकरणं मात्र अधूनमधून धड्यासारखी होतात आणि गोष्ट थबकते.

विज्ञानाच्या शिक्षकाला या पुस्तकाला एक जोड देता येईल. समलैंगिकता हा तेव्हा मानसिक आजार मानला जाई. हे मत बनलं होतं ते मुख्यतः दवाखान्यांत आणि तुरुंगांत भेटलेल्या माणसांवरून. लॉस एंजेलिसमधल्या एव्हलिन हूकर यांनी उपचार घेत नसलेल्या ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांना मानसशास्त्रीय चाचण्या दिल्या. कोणती उत्तरं कुणाची हे न सांगता ती तज्ज्ञांपुढे ठेवली. तज्ज्ञांना फरक ओळखता आला नाही. हे काम १९५७ साली प्रसिद्ध झालं. १९७३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. नमुना चुकीचा निवडला तर निष्कर्ष कसा चुकतो, याचं यापेक्षा बोलकं उदाहरण क्वचितच सापडेल.

अशी पुस्तकं मुलांना कशाला द्यायची, असं कुणी विचारेल. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मधल्या सुट्टीत चिडवण्यासाठी वापरले जाणारे शब्द मात्र अजून ऐकू येतात. एखादी लिली आपल्याही वर्गात बसलेली असेल. तिला आपल्याकडून पहिला शब्द कोणता ऐकू येणार, हे आपणच ठरवायचं आहे.