जोडकामाचं सौंदर्य : गोल्डविंगचा बाहेरचा अल्टरनेटर

होंडाच्या जुन्या गोल्डविंग मोटारसायकलींवर अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांमधून एक बदल वर्षानुवर्षं होत आला आहे. इंजिनाच्या पोटातली वीज निर्माण करणारी कॉइल निकामी झाली, की इंजिन न उतरवता त्याच्या पुढच्या अंगाला एखाद्या छोट्या मोटारगाडीचा अल्टरनेटर बसवायचा, तो पट्ट्याने फिरवायचा आणि त्याच्यावर बॅटरी चार्ज करायची. तिकडे या कामाला ‘पुअर बॉय कन्व्हर्जन’ म्हणतात. त्याचा कोणी एक कर्ता नाही. पदरच्या पैशांत गाडी रस्त्यावर ठेवू पाहणाऱ्या अनेकांच्या हातून ते घडत गेलं आहे.

हे काम मला मनापासून आवडतं. त्याची घडण देखणी आहेच, पण ते बिघडतं तेव्हा अधिक बोलकं होतं. त्याचं दुखणं बहुतेक वेळा मोटारसायकलीतही नसतं आणि अल्टरनेटरमध्येही नसतं. दोन कारखान्यांनी वेगवेगळी गृहीतं धरून बनवलेल्या वस्तू जिथे एकमेकींना जोडल्या जातात, त्या सांध्यात ते असतं. म्हणून त्याचा आस्वाद घ्यायचा तर एकेका सांध्यापाशी थांबूनच घ्यावा लागतो.

आधी मूळ घडण पाहू. १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात होंडाने गोल्डविंग जीएल १००० मांडली. आडवी चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि चेनऐवजी शाफ्ट. इंजिनाचा दांडा लांबीच्या दिशेने असल्याने थ्रॉटल पिळला की गाडी एका अंगाला कलू पाहते. होंडाच्या अभियंत्यांनी जनरेटरचा रोटर क्रँकच्या उलट दिशेने फिरवला आणि तो हिसका मारून टाकला. वीज निर्माण करणाऱ्या भागाकडून तोल सांभाळण्याचं कामही करून घेणारी ही रचना आजही दाद घेते. पुढे १९८० मध्ये जीएल ११०० आली आणि १९८४ मध्ये ११८२ सीसीची जीएल १२००. तोवर ही गाडी दूरच्या प्रवासाची राणी झाली होती. मोठं फेअरिंग, रेडिओ, सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर, वर मालकाने हौसेने लावलेले जादा दिवे. हा सगळा संसार सुमारे ३६० वॉटच्या जनरेटरवर चाले.

हा जनरेटर कायमच्या चुंबकांचा. चुंबक फिरले की वीज निर्माण होणारच, ती कमी-जास्त करता येत नाही. बॅटरी भरली की रेग्युलेटर उरलेली वीज अर्थिंगकडे वळवून उष्णतेच्या रूपाने घालवतो. पंप अखंड चालू आणि टाकी भरल्यावर पाणी गच्चीवरून वाहून जातंय, असा हा प्रकार. दिवे बंद असोत की चालू, कॉइलवरचा भार फारसा उतरत नाही. या कॉइलकडून, म्हणजे स्टेटरकडून, रेग्युलेटरकडे येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा कपलर उघडून पाहिला, की हा इतिहास दिसतो. प्लॅस्टिक आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळं ठिसूळ झालेलं. पिनेपाशी तार कडक झालेली, वाकवली तर तिचं वेष्टण तडकतं. जाणते मालक हा कपलर कापून तारा थेट सोल्डर करतात. पण आतली कॉइलच जळाली असेल, तर ती इंजिनाच्या मागच्या झाकणाआड असते आणि ते झाकण काढायला इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं.

इथे मोटारगाडीचा अल्टरनेटर येतो. त्याचा स्वभाव नेमका उलटा. त्याच्यात कायमचा चुंबक नाही. कार्बन ब्रशमधून रोटरला थोडा करंट दिला की तो चुंबक होतो आणि तो करंट किती द्यायचा ते रेग्युलेटर ठरवतो. जेवढी गरज तेवढीच वीज. या कामासाठी अमेरिकेत बरेचदा जिओ मेट्रो या छोट्या गाडीचा अल्टरनेटर घेतात. ही गाडी मूळची सुझुकीची. तिच्याच घराण्यातली सेडान आपल्याकडे मारुती १००० आणि पुढे एस्टीम म्हणून धावली. त्यामुळे अल्टरनेटरची ही धाटणी आपल्या मेकॅनिकांच्याही ओळखीची आहे. ५५ अँपिअरचा असा अल्टरनेटर १४ व्होल्टला साधारण ७७० वॉट देऊ शकतो, म्हणजे मूळ जनरेटरच्या दुपटीहून जास्त. पण हा आकडा पुरेशा वेगाला मिळतो, आणि पहिला सांधा तिथेच आहे.

मोटारगाडीचं इंजिन आयडलिंगला मिनिटाला आठशेच्या आसपास फिरतं आणि मोठ्या-लहान पुलींमुळे अल्टरनेटर त्याच्या दोन-अडीच पट वेगाने फिरतो. वीज द्यायला सुरुवात करण्यासाठी रोटरला हजार ते दीड हजार फेरे लागतातच. आता मोटारसायकलच्या क्रँकवर मावेल तेवढी लहान पुली बसवली आणि गुणोत्तर एकास एक झालं, तर आयडलिंगला रोटर जेमतेम हजारावर फिरतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की मीटर १२.४ दाखवतो, थ्रॉटल दिला की १४.३. मालकाला वाटतं, अल्टरनेटर मरतुकडा आहे. तो धडधाकट असतो, त्याला वेग मिळत नसतो. मग मोठी पुली लावावी, तर मोटारसायकलचं इंजिन सात हजारापर्यंतही जातं. अडीच पटीने तो वेग साडेसतरा हजार होतो आणि एवढा वेग छोट्या अल्टरनेटरच्या सोसण्याच्या टोकावर येतो. आयडलिंगची भूक आणि वरच्या वेगाची भीती यांच्या मधला आकडा शोधणं हे या कामातलं खरं कसब. चांगल्या जोडकामात पुलीच्या मापाकडे पाहूनच कळतं, की करणाऱ्याने दोन्ही टोकांचा विचार केला होता.

दुसरा सांधा तारेचा आणि अर्थिंगचा. चार्जिंग कमी पडतंय म्हणताच सुटा भाग बदलू नये, मल्टिमीटर घ्यावा. इंजिन अडीच हजारावर धरावं, दिवे लावावेत. एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या धन टोकावर. दोन्ही जागा एकाच तारेच्या, म्हणजे मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. ०.१, ०.२ पर्यंत ठीक. ०.९ दिसलं, तर ते ०.९ व्होल्ट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जातायत. ३० अँपिअर वाहत असतील तर २७ वॉट एखाद्या सैल लगमध्ये किंवा बारीक तारेत जळतायत. मग तीच मोजणी ऋण बाजूची : अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं ऋण टोक. इथे पुष्कळदा गुन्हेगार निघतो तो अल्टरनेटर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचा रंग. हौसेने काळा चकचकीत रंग दिलेला असतो आणि अर्थिंगची वाट त्या रंगातून जात असते. बोल्टखालचा रंग धातू चमकेपर्यंत खरवडला, अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड तार ओढली, की आकडा खाली येतो. शून्याजवळचा आकडा पाहून इतकं समाधान मिळावं, अशी मोजणी मला दुसरी ठाऊक नाही.

या कामातलं सर्वांत सुंदर स्थळ मात्र तिसऱ्या सांध्यात आहे. या जातीच्या अनेक अल्टरनेटरना मुख्य बोल्टखेरीज तीन पिनांचा प्लग असतो. एक पिन चावीचा सप्लाय घेते, एक डॅशवरच्या इशाऱ्याच्या दिव्याला जाते आणि तिसरी बॅटरीचा व्होल्टेज किती आहे ते रेग्युलेटरला कळवते. ही तिसरी तार थेट बॅटरीला जावी अशी मूळ अपेक्षा. पण जोडकाम करताना जवळ सापडली म्हणून ती चावीनंतरच्या एखाद्या तारेला जोडली जाते. दोन्हीकडे बारा व्होल्टच तर आहेत, असं वाटतं. जुन्या गाडीच्या चावीच्या स्विचमध्ये मात्र संपर्क झिजलेले, काळवंडलेले असतात. तिथे ०.९ व्होल्ट गळाले, की बॅटरीवर १४.४ असताना रेग्युलेटरला १३.५ ची खबर पोहोचते. तो इमानाने वीज वाढवतो. त्याच्यापर्यंत १४.४ ची खबर येते तेव्हा बॅटरीवर १५.३ झालेले असतात. बॅटरीतलं पाणी आटतं, गंधकाचा वास येतो, बल्ब उडू लागतात. नवा अल्टरनेटर आणून बसवला तरी तोही तेच करतो.

हा दोष स्वतःची एक खूण ठेवतो आणि तिच्यातच सगळी मौज आहे. चावीच्या स्विचमधून सप्लाय घेणारे जादा दिवे लावा आणि बॅटरीवरचा आकडा पाहा. भार वाढला की व्होल्टेज उतरायला हवा, इथे तो चढतो. कारण दिव्यांचा करंट त्याच झिजलेल्या संपर्कातून जातो, तिथली गळती वाढते आणि रेग्युलेटरला आणखी खोटी खबर मिळते. दिवे लावल्यावर चढणारा तो एक आकडा सगळं कोडं उलगडून देतो. अल्टरनेटर निर्दोष, रेग्युलेटर निर्दोष, बॅटरी निर्दोष. चूक त्यांच्यामधल्या निरोपाची. तार थेट बॅटरीवर नेली, की वर्षाचा त्रास अर्ध्या तासात संपतो.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होत नसेल, तर पहिल्या पिनेकडे जावं. चावीचा सप्लाय मिळावा तिथे कायमचा सप्लाय दिला गेला असेल, तर चावी बंद असतानाही रोटरला करंट जात राहतो. पारख करायला यंत्रही नको. चावी काढून घ्यायची आणि स्क्रूड्रायव्हरचं पोलादी टोक पुलीच्या नटाजवळ न्यायचं. ते हाताला जाणवेल इतकं ओढलं गेलं, तर आतला चुंबक जागा आहे. तशी ओढ नसेल आणि बॅटरी तरीही उतरत असेल, तर गळक्या डायोडचा संशय घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी व्होल्ट मोजले आणि ते अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले, तर संशय पक्का. दिव्याच्या पिनेचीही अट आहे. तिच्या वाटेत बल्ब किंवा रेझिस्टर हवाच, थेट बारा व्होल्ट दिले तर रेग्युलेटर जळतो.

उरतो तो जुना स्टेटर. बाहेरचा अल्टरनेटर आला तरी चुंबकांचा रोटर इंजिनात फिरतच राहतो, कारण त्याला काढायचं तर इंजिन उतरवावं लागेल आणि तेच तर टाळायचं होतं. त्याच्या तीन पिवळ्या तारा सुटल्या तरी त्यांच्यात वीज येत असते, आणि इंजिन वेगात असताना दोन तारांमधला व्होल्टेज पन्नासच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक तारेचं टोक वेगळं, स्लीव्ह चढवून बंद करायला हवं. तिन्ही एकत्र पिळून टेप गुंडाळणं म्हणजे कॉइल मुद्दाम शॉर्ट करणं. तसंच नव्या अल्टरनेटरची वीज जुन्या लाल-पांढऱ्या तारेतून आणि ३० अँपिअरच्या मूळ फ्यूजमधून नेऊ नये. ती वाट ३६० वॉटच्या हिशेबाने आखलेली आहे. जाड तार, स्वतंत्र फ्यूज, थेट बॅटरी.

या कामात उणिवा आहेत आणि त्या गंभीर आहेत. पट्टा उघड्यावर असतो, पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि खडी त्याच्यावर येते. पावसात तो घसरला की चार्जिंग गेलं. पुली बसवण्यासाठी टायमिंग बेल्टचं झाकण कापावं लागतं, आणि तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा आत शिरून टायमिंग बेल्ट उतरला, तर व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत मजल जाते. म्हणून कापलेल्या झाकणाची जागा पत्र्याने नीट बंद न करता दिलेलं जोडकाम कितीही वीज देत असलं, तरी मी त्याला अपुरंच म्हणेन.

तरीही या कामाची दिशा बरोबर होती. १९८८ च्या सहा सिलिंडरच्या जीएल १५०० वर होंडाने स्वतः मोटारगाडीच्या धाटणीचा, गरजेपुरती वीज देणारा, इंजिन न उतरवता काढता येणारा अल्टरनेटर बसवला. जुन्या गाड्यांच्या मालकांना हवं होतं ते हेच. कारखान्याला ते कोऱ्या कागदावर आखता आलं. गॅरेजमधल्या माणसाने ते दुसऱ्याच्या आखणीत, कमी जागेत, परक्या सुट्या भागाने साधलं. माझ्या लेखी त्याचं श्रेय कमी नाही.

कारखान्याकडे असलेली एक गोष्ट मात्र या जोडकामाकडे नसते : वायरिंगची आकृती. मूळ पुस्तकात पिवळ्या तारांचा ठावठिकाणा आहे, तिसऱ्या पिनेच्या तारेचा नाही. म्हणून असा बदल करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. काम झालं की त्याच दिवशी कागद घ्या. कोणती तार कुठून कुठे गेली, फ्यूज कितीचा, पुलींची मापं काय, आयडलिंगला आणि अडीच हजारावर मीटरने काय दाखवलं, ते लिहा आणि तो कागद सीटखाली टूलकिटमध्ये ठेवा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला तुमचं काम वाचता आलं पाहिजे.