फुलकारीचा अर्थ कुठे शोधायचा?

'हस्तकलेचे सांस्कृतिक महत्त्व लिहा' असा प्रश्न आला की तुमच्यापैकी बरेच जण एक तक्ता मांडतात : गव्हाची लोंबी म्हणजे समृद्धी, लाल रंग म्हणजे सौभाग्य, मोर म्हणजे सौंदर्य. पंजाबच्या फुलकारीवरची बरीच माहितीपत्रकेही याच पद्धतीने लिहिलेली असतात. मी चंदीगडमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ड्रॉइंग शिकवतो. त्या नजरेने फुलकारी पाहिली तर हा तक्ता अपुरा का पडतो, ते या टिपणात पाहू.

पहिली अडचण नावांची. जिच्यात भरतकामाने जवळजवळ सगळे कापड झाकले जाते, त्या फुलकारीला 'बाग' म्हणतात. बागांची नावे पाहा : कारल्याची, मिरचीची, काकडीची, अगदी लाटण्याचीसुद्धा. लाटणे कशाचे प्रतीक? बायकांनी आकृतीला घरातल्या ओळखीच्या वस्तूचे नाव दिले, एवढेच. प्रत्येक आकृतीमागे गूढ अर्थ शोधणे ही आपली हौस आहे.

मग अर्थ कुठे आहे? आधी प्रसंगात. 'चोप' नावाची फुलकारी आजी, म्हणजे आईची आई, नातीच्या लग्नासाठी भरत असे. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. 'दर्शन द्वार' गुरुद्वाऱ्यात अर्पण करण्यासाठी असे. कोणी, कोणासाठी, कधी केले हे वगळले तर हाती फक्त कापड उरते. आपल्याकडचे रुखवत आठवा. घरी केलेले आणि दुकानातून तयार आणलेले रुखवत मांडल्यावर सारखेच दिसेल, पण त्यांचा अर्थ एक नाही.

दुसरे, कृतीत. जाडसर खद्दरवर 'पट' म्हणजे पीळ न दिलेला रेशमी धागा वापरून, कापडाच्या उलट बाजूने, ताणे-बाणे मोजत रफूचा टाका घालतात. सुलट बाजूला लांब टाके दिसतात, मागे फक्त ठिपके. महाग रेशीम त्यामुळे वाचते. टाक्याची दिशा बदलली की प्रकाशामुळे एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात. भौमितिक बागेची नक्षी कापडावर आधी काढलेली नसे. सगळा हिशेब भरणारीच्या डोक्यात. आमचे विद्यार्थी आलेख कागदावर जे शिकतात, ते ती कागदाशिवाय करत होती.

इथे नेहमीचा निष्कर्ष असा काढला जातो : बाजार आला आणि कला भ्रष्ट झाली. हे मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय दिवाणखान्यांसाठी फुलकाऱ्या विकल्या जातच होत्या. नेपाळचे उदाहरण घ्या. काठमांडू खोऱ्यातले नेवार चित्रकार 'पौभा' ही धार्मिक चित्रे देणगीदारांसाठी काढत. देणगीदाराला पुण्य मिळे, चित्रकाराला मोबदला. पैशाने त्या चित्रांचे पावित्र्य कमी झाले नाही. शिवाय १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या बायकांना सुईने चार पैसे मिळाले असतील, तर त्यांना दोष देणारे आपण कोण?

बदल झाला तो दुसरीकडे. आज बहुतेक ठिकाणी व्यापारी नक्षी ठरवतो, ती कापडावर छापून देतो आणि बाई नगावर मजुरी घेऊन ती भरते. हात तिचाच आहे, पण नक्षीचा आणि रंगाचा निर्णय तिच्याकडून गेला. यंत्रावरच्या भरतकामात तर हातही गेला. माझ्या मते खरे नुकसान निर्णय जाण्याचे आहे. भौगोलिक निर्देशांकाने फुलकारी हे नाव जपले जाते. निर्णय परत मिळवून देणे हे त्याचे काम नाही. कारागिरांसाठी काही करू पाहणाऱ्या तुमच्या पिढीने नुसती विक्री वाढवली, तर मजुरी मिळेल, पण नक्षी दुसऱ्याचीच राहील.

स्वाध्याय : चंदीगडच्या सेक्टर १७ च्या बाजारात असो वा तुमच्या गावच्या प्रदर्शनात, भरतकाम केलेली एखादी ओढणी उलटी करून पाहा. मागे वेगळ्या दोऱ्याचे जाळे दिसले तर काम बहुधा यंत्राचे. मग तीन प्रश्नांची उत्तरे लिहा : हे कोणी केले? कोणासाठी केले? नक्षी कोणी ठरवली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याला देता आले नाही, तर तेही लिहून ठेवा.