तुर्की ‘ओजाक’ : एका प्रचलित व्युत्पत्तीची परीक्षा

तुर्कीत चुलीला ‘ओजाक’ म्हणतात. कझाकमधील ‘ओशाक’, चुवाशमधील ‘वुचाख’ ही त्याचीच भावंडे होत. महमूद अल्-काशगरीने अकराव्या शतकात आपल्या कोशात ‘ओचाक’ नोंदविले आहे. चुलीवरून घर, घरावरून कुळ असा अर्थ विस्तारत जाऊन उस्मानी राज्यात जानिसारांच्या दलालाही हेच नाव पडले; आणि १९४५ पासून तर तुर्कस्तानात जानेवारी महिना ‘ओजाक’ म्हणूनच ओळखला जातो.

‘ओत’ म्हणजे अग्नी, त्यास ‘-चाक’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय, अशी या शब्दाची फोड सामान्यतः केली जाते. ‘ओयुन’ (खेळ) यावरून ‘ओयुंजाक’ (खेळणे) झाले, तसेच हे. अर्थ इतका चपखल बसतो की अभ्यासकाची चिकित्सा तेथेच मंदावते. वस्तुतः अर्थाची जुळणी हाच या प्रकरणातील सर्वांत दुबळा पुरावा होय. चूल आणि अग्नी यांची सांगड कोणत्याही भाषेत घालता येईल. (आपल्याकडे आलेल्या ‘चकमक’ शब्दाची गोष्ट निराळी. तुर्की ‘चाक्-’, म्हणजे आघात करणे, हा धातू व ‘-माक’ हा प्रत्यय तेथे उघड दिसतात. काही कल्पावे लागत नाही.)

खरा पुरावा ध्वनींचा आहे. अग्निवाचक शब्दातील स्वर मूळचा दीर्घ. तुर्कमेनमध्ये तो तसाच राहिला. याकुतमध्ये ‘उओत’ असा संयुक्त झाला. तुर्कीत दीर्घत्व लोपले, परंतु ‘ओद’मधील घोष ‘द’ ही त्याची खूण मागे उरली. ऱ्हस्व स्वराचे ‘ओत’ म्हणजे गवत. तेथे ‘त’ अघोषच आहे. आता ‘बिचाक’ (सुरी) हा शब्द पाहावा. कापणे या अर्थाच्या ऱ्हस्व ‘बिच्-’ धातूपासून तो आला व त्यातील ‘च’ टिकला. ‘ओजाक’मध्ये मात्र ‘ज’ आहे, अर्थात पूर्वीचा स्वर दीर्घ असावा. प्रचलित मताला खरा आधार मिळतो तो येथे. तथापि त्यासाठी ‘त्च’ या जोडाक्षराचे घोषीकरणापूर्वीच साधे ‘च’ झाले होते, असा क्रम गृहीत धरावा लागतो.

याकुत साक्ष मात्र प्रतिकूल आहे. तेथे चुलीला ‘ओहोख’ म्हणतात. ‘उओत’मधील संयुक्त स्वराचा त्यात मागमूस नाही. लांब शब्दात आद्य दीर्घ स्वर आखडला, असे उत्तर देता येईल. पण याकुतमधीलच तशी दुसरी उदाहरणे पुढे मांडल्यावाचून ते केवळ सोयीचे उत्तर ठरते. तोवर कोशात ‘ओत्चाक’ या मूलरूपावरील तारांकन काढण्यास आधार नाही.