तीन मीटरांचा दावा आणि नळीची वाट

एका शाळेच्या निसर्ग मंडळाला माजी विद्यार्थ्यांकडून देणगी मिळाली. हे मंडळ दरवर्षी नववी-दहावीच्या मुलांना घेऊन सह्याद्रीतले दोन-तीन गड पायी करते. देणगीतून हातात मावणारे, उपग्रहांवरून ठिकाण सांगणारे उपकरण घ्यावे असे ठरले आणि तेथील भूगोलाच्या सरांनी आम्हाला तीन माहितीपत्रके पाठवून विचारले, "यांतले कोणते घेऊ?" आमचे रोजचे काम मोजमापाच्या उपकरणांशी, आणि सुटीत आम्ही काही सहकारी डोंगरात जातो. तेव्हा हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

तिन्ही पत्रके वाचली. तिन्हींत एक आकडा ठळक टाइपात होता : अचूकता ३ मीटर. त्याखाली चार-पाच देशांच्या उपग्रह-प्रणालींची नावे, मग पडद्याचे रंग, मग नकाशांची संख्या. शेवटच्या पानावर, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत, 'अनुकूल परिस्थितीत' असे दोन शब्द. आमची सगळी तक्रार या दोन शब्दांविषयी आहे. सपाट मैदानात, मोकळ्या आकाशाखाली हे उपकरण लागतेच कोणाला? ते लागते दरीत, कड्याखाली, दाट रानात आणि धुक्यात. म्हणजे परिस्थिती प्रतिकूल असते तेव्हाच.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण तो आम्हाला पदवीधरांतही आढळला आहे. हे उपकरण उपग्रहाला काही कळवत नाही, आणि आपण कोठे आहोत हे उपग्रहाला ठाऊक नसते. उपकरण फक्त ऐकते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक जी.पी.एस. उपग्रह 'मी अमुक जागी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे' एवढेच अखंड सांगत असतो. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. तीन अंतरांवरून जागा निघायला हवी, पण उपकरणातले घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतके चोख नसते. त्याची चूक हे चौथे अज्ञात, म्हणून चार उपग्रह लागतात. चार अज्ञातांची चार समीकरणे! दहावीच्या वर्गाला दोन अज्ञातांची समीकरणे कशासाठी शिकायची असा प्रश्न पडतो, त्याला हे एक उत्तर आहे.

या साऱ्या गणिताची मदार 'संकेत सरळ रेषेत आला' या गृहीतकावर आहे. मैदानात ते बरोबर ठरते. कड्याखाली ठरत नाही. तेथे अर्धे आकाश दगडाने झाकलेले असते आणि उरलेल्या आकाशातून आलेला संकेत कातळावर आपटून, लांबचा फेरा घेऊन उपकरणात शिरतो. फेऱ्यात गेलेला वेळ उपकरण अंतर म्हणून मोजते आणि आपल्याला भलत्याच जागी नेऊन बसवते.

हे किती बिघडते ते पाहण्यासाठी आम्ही एका ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढलो. कोकणातल्या बेलपाड्याहून निघून कोकणकड्याच्या कुशीतल्या अरुंद घळीतून वर जाणारी ही वाट अवघड आहे. शाळेच्या सहलीसाठी ती मुळीच नाही. पण आमच्या कामाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळाली नसती. तीनपैकी दोन उपकरणे ओळखीतून उसनी मिळाली. तिसरे मिळाले नाही, म्हणून एका सहकाऱ्याचा फोन घेतला. तिन्ही एकाच पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात, आकाशाकडे तोंड करून ठेवले आणि रात्री गुहेत बसून तिन्हींनी नोंदवलेल्या वाटा एकमेकींवर ठेवून पाहिल्या.

खालच्या रानात तिन्ही रेषा जवळजवळ एकच होत्या. घळीत शिरल्यावर पहिल्या उपकरणाची रेषा कातळात घुसली, पलीकडे निघाली आणि पुन्हा परत आली. एके ठिकाणी ती घळीच्या मध्यापासून साठ मीटरांहून दूर होती. घळ तेथे इतकी अरुंद आहे की साठ मीटर बाजूला जायचे तर माणसाला दगडातूनच चालावे लागेल. दुसऱ्या उपकरणाची रेषाही वेडीवाकडी होती, पण बहुतेक घळीतच राहिली. फोनची रेषा दुसऱ्याच्या जवळपास होती, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

पण आम्हाला अधिक महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. दोन्ही उपकरणांच्या पडद्यावर 'संभाव्य चूक' असा एक आकडा असतो. पहिले उपकरण कातळात शिरले असतानाही '५ मीटर' म्हणत होते. दुसऱ्याचा आकडा घळीत शिरताच बारा-पंधरा मीटरांवर गेला आणि माथ्यावर आल्यावर पुन्हा उतरला. चूक दोघांनीही केली. पहिल्याने ती खात्रीपूर्वक केली. वर्गात चुकीचे उत्तर ठासून सांगणारा विद्यार्थी आणि 'सर, नक्की नाही' म्हणून सांगणारा विद्यार्थी यांच्यात आपण जो फरक करतो, तोच येथे करायला हवा. फरक एवढाच की येथे पलीकडे दरी आहे.

दुसरे उपकरण सरस का ठरले? उपग्रहाचा संकेत म्हणजे शून्य आणि एक यांची ठराविक क्रमाने येणारी माळ. नागरी वापराच्या जुन्या, १५७५.४२ मेगाहर्ट्‌झच्या संकेतात या माळेतील एकेक मणी अवकाशात सुमारे २९३ मीटर लांब असतो. ११७६.४५ मेगाहर्ट्‌झच्या नव्या संकेतात तोच मणी सुमारे २९ मीटरचा आहे. कड्यावरून परतलेली माळ समजा चाळीस-पन्नास मीटर मागे पडली. मणी लांब असतील तर मूळ माळ आणि मागची माळ एकमेकींवर चढतात आणि उपकरण फसते. मणी आखूड असतील तर त्या वेगळ्या ओळखू येतात. दुसरे उपकरण आणि तो फोन दोन्ही वारंवारता ऐकत होते. पहिले फक्त जुनी. जी.पी.एस.च्या निम्म्याहून अधिक उपग्रहांवर आता नवा संकेत आहे. तेव्हा पत्रकात प्रणालींची नावे किती आहेत ते मोजत बसू नये. दोन वारंवारता आहेत का, ते पाहावे. 'नाविक' या भारतीय प्रणालीचे नाव पाहून ऊर भरून येतो हे खरे, पण तिच्या पहिल्या पिढीतील काही उपग्रहांवरची अणुघड्याळे बंद पडली आहेत. केवळ त्या नावासाठी जादा पैसे मोजू नयेत.

तीन मीटर या आकड्याविषयी आणखी एक. अशा आकड्याचा अर्थ अनेकदा 'निम्मी वाचने तीन मीटरच्या वर्तुळात' एवढाच असतो, आणि तसे पत्रकात लिहिलेले नसते. शंभरातली पंचाण्णव वाचने सामावून घेणारे वर्तुळ काढायचे तर त्रिज्या साधारण दुप्पट धरावी लागते. उरलेली पाच वाचने त्याच्याही बाहेर.

आता नकाशा. पहिल्या उपकरणाचा रंगीत नकाशा पाहून सर हरखले होते. त्यातल्या समोच्चरेषा सुबक होत्या, पण त्या कोठून आल्या? अशा बहुतेक नकाशांतील उंचीची माहिती अवकाशयानातून केलेल्या मोजणीवर आधारलेली असते. फेब्रुवारी २००० मधील अमेरिकी शटलची मोहीम ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. तिच्या उत्तम आवृत्तीतही सुमारे तीस मीटरला उंचीचा एक आकडा मिळतो. दोन आकड्यांच्या मध्ये सरळ उतार धरला जातो. कोकणकडा तर उभा, आणि वरच्या भागात बाहेर झुकलेला. समोच्चरेषांना बाहेर झुकलेला कडा दाखवताच येत नाही. नकाशावर तो नुसता तीव्र उतार दिसतो, आणि धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला 'उतार आहे, जपून उतरू' असे वाटू शकते. उपकरणाची जागा अगदी तीन मीटरांपर्यंत बरोबर असली तरी हा धोका जात नाही.

ज्यांच्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आहेत त्यांनीही सावध राहावे. ते एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले आहेत आणि उपकरण डब्ल्यू.जी.एस.-८४ वापरते. या दोहोंत आपल्या भागात शंभर मीटरांहून थोडा अधिक फरक पडतो. उपकरणातले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे त्या नकाशावर मांडले तर माथ्यावरचा माणूस कड्याबाहेर हवेत उभा दिसेल. २००५ च्या नकाशा-धोरणानंतरचे खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यू.जी.एस.-८४ वरच आहेत, ते वापरावेत.

उंचीच्या आकड्याची गंमत वेगळी. कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर उभे राहून काही फोनमधली साधी ॲप उघडली तर उंची उणे साठ-पासष्ट मीटर दिसते! फोन बिघडलेला नसतो. तो पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतो आणि आपल्याकडे समुद्राची पातळी त्या लंबगोलाच्या तेवढी खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस ही तफावत शंभर मीटरांच्या पुढे जाते. हातातली चांगली उपकरणे ही दुरुस्ती करून घेतात, काहींत हवेच्या दाबावरून उंची काढण्याची सोयही असते. पण दाबही स्थिर नसतो. उष्ण कटिबंधात तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, दोन-तीन मिलिबारने. एक मिलिबार म्हणजे साधारण नऊ मीटर. टेबलावर ठेवलेले उपकरण सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत वीस-पंचवीस मीटर 'चढते'. दर तासाला नोंद करून मुलांनी आलेख काढावा; वातावरणाची ही भरती-ओहोटी पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटते. डोंगरात मात्र ओळखीच्या उंचीवर आकडा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर आहे. तेथे उभे राहून उपकरण काय म्हणते ते पाहावे.

विक्रेते जी सोय सर्वांत आधी दाखवतात, ती आम्हाला सर्वांत घातक वाटते. मुक्कामाची जागा निवडा, बाण दिशा दाखवील. तो बाण सरळ रेषेत दाखवतो. मध्ये दरी आहे की कडा, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पावसाळ्यात कोकणकड्यावरून हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाकडे परतताना दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. त्या वेळी बाणामागे जाऊ नये. येताना उपकरणाने नोंदवलेली आपलीच पायवाट पडद्यावर उलट गिरवत जावे. त्या रेषेवरून आपण आधी चाललेले असतो, म्हणजे तेथे जमीन आहे याची खात्री असते. ही नोंद आपोआप सुरू होते का, ओल्या हातांनी दोन बटणांत उघडता येते का, हे दुकानात उभे राहून करून पाहावे. आमच्या मते निवडीत याला नकाशाच्या रंगांहून कितीतरी जास्त गुण द्यावेत.

मग साधा फोन का नको? एका दिवसाच्या, रुळलेल्या वाटेच्या सहलीला चांगला फोन, आधी उतरवून घेतलेला नकाशा आणि जादा बॅटरी एवढे पुरते, असे आम्ही सरांना स्पष्ट लिहिले. मोबाइलची रेंज नसली तरी फोनला उपग्रह ऐकू येतात. फक्त पहिली जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रह आपली माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने सांगतो. पण पावसात स्पर्शाचा पडदा थेंबालाच बोट समजतो, आणि फोन संपला की मदतीला हाक मारायचे साधनही संपते. बटणांचे, बाजारात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारे वेगळे उपकरण त्यासाठी हवे. हिमालयात नेणार असाल तर सेल लिथियमचे घ्या. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात.

एक इशारा कायद्याचा. परदेशातून नातेवाईक आणून देतात त्या काही उपकरणांत उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सोय असते. ती उपकरणे नुसती ऐकत नाहीत, बोलतातही. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती आपल्या देशात बाळगणे गुन्हा आहे, आणि त्यापायी परदेशी गिर्यारोहकांना अटक झालेली आहे. संकटात उपयोगी पडणारी ही सोय सामान्य गिरिभ्रमण मंडळांना मिळण्याचा सोपा मार्ग असावा असे आम्हाला वाटते. तो होईपर्यंत शाळेने तिच्या वाटेला जाऊ नये.

सरांना आम्ही दुसरे उपकरण सुचवले. पडदा लहान, रंग फिके, नकाशा जेमतेम. पण दोन वारंवारता, बटणे, पेन्सिल सेल आणि आपली शंका कबूल करण्याची सवय. मात्र गडावर नेण्याआधी ते शाळेच्या मैदानात तपासायला सांगितले. मैदानाच्या मध्यावर एक दगड आणि इमारतीच्या भिंतीलगत दुसरा. दोन्हींवर दर दहा मिनिटांनी, वेगवेगळ्या दिवशी वाचने घ्यायची, आलेखाच्या कागदावर बिंदू मांडायचे आणि निम्मे बिंदू सामावणारे वर्तुळ कंपासने काढायचे. अक्षांशातील एका सेकंदाला सुमारे ३१ मीटर धरायचे. रेखांशाला आपल्याकडे थोडे कमी, किती ते मुलांनीच काढायचे.

महिन्याभराने दोन आलेख टपालाने आले. मैदानातले वर्तुळ तीन मीटरांहून थोडे लहानच होते, म्हणजे पत्रक खोटे नव्हते. भिंतीलगतचे वर्तुळ त्याच्या तिपटीहून मोठे. सोबतच्या चिठ्ठीत एका मुलीने विचारले होते, "भिंतीजवळचे सगळे बिंदू एकाच बाजूला का सरकले आहेत?" तिला उत्तर पाठवण्याआधी आम्ही शाळेची इमारत कोणत्या दिशेला आहे, एवढे विचारून घेतले आहे.