सीट नेमकी कुणाच्या मापाची?

गाड्यांच्या परीक्षणांत सीटला किती ओळी मिळतात, एकदा मोजून बघा. इंजिनाला चार परिच्छेद, टचस्क्रीनला दोन आणि सीटला एक वाक्य: 'सीट्स सपोर्टिव्ह आहेत.' खरं तर पूर्ण प्रवासभर आपल्या अंगाला टेकून असलेला गाडीचा भाग हाच. म्हणून आज फक्त सीटबद्दल बोलू.

तीन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड स्पोर्टी हॅचबॅक घेतली. कंपनी कुठली ते सोडा, कारण या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच आहे. काळं कापड, लाल शिलाई, पाठीला जोडूनच आलेला हेडरेस्ट आणि दोन्ही बाजूंना उंच, टणक बोल्स्टर. पहिल्यांदा बसलो तेव्हा कुणीतरी कवेत घेतल्यासारखं वाटलं. दहा मिनिटांत व्यवहार ठरला.

पहिल्या रविवारी ताम्हिणी घाटात त्या सीटनं आपली किंमत वसूल करून दिली. गाडी डावीकडे वळते तेव्हा अंग उजवीकडे फेकलं जातं. साध्या सपाट सीटवर आपण नकळत स्टिअरिंगला धरून लटकतो. म्हणजे हात दोन कामं करतात, गाडी वळवायची आणि स्वतःला सावरायचं. बोल्स्टरनी बरगड्या आणि मांड्या धरून ठेवल्या की हात मोकळे होतात आणि वळण बोटांनी घेता येतं. 'सपोर्ट' या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

सोमवारी कोथरूड ते हिंजवडी. सव्वा तास, पहिला-दुसरा गिअर आणि अखंड क्लच. क्लच दाबायला डावा पाय उचलला की मांडीची बाहेरची बाजू त्याच बोल्स्टरवर घासायची. वाकडपर्यंत कंबर बोलायला लागायची. महिनाभरात मी सिग्नलला हँडब्रेक ओढून सीटवर सरकायला शिकलो.

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत. कम्फर्ट म्हणजे मऊपणा नव्हे. अति मऊ सोफ्यात आपण रुततो, कटिभाग मागे कलतो आणि पाठीच्या खालच्या भागातला नैसर्गिक बाक सपाट होतो. सपोर्ट म्हणजे नुसतं आवळून धरणंही नव्हे. स्वीडनमध्ये गुन्नार आंडर्सन, आल्फ नाखेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात बसलेल्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब प्रत्यक्ष मोजला. त्यात कारच्या सीटचाही अभ्यास होता. पाठ थोडी मागे कलवली आणि कमरेला आधार दिला की हा दाब कमी होतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे लांबच्या प्रवासात कंबर वाचवतात त्या गोष्टी दोन, पाठीचा कोन आणि कमरेमागचा फुगवटा. माझ्या सीटला फुगवटा होता, पण पक्का बसवलेला. माझ्यापेक्षा चार बोटं उंच माणसाच्या कमरेला तो बरोबर लागला असता. माझ्या बाबतीत तो बरगड्यांखाली टोचायचा. बाजूच्या आधारावर एवढा खर्च आणि कमरेसाठी एक साधा लीव्हर नाही!

स्पोर्टी सीट विचार करून बनवता येते, याचं माझं आवडतं उदाहरण १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय. तिच्या सीटचं चौकटीचं कापड गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनरनं निवडलं. फोक्सवॅगनमध्ये येण्याआधी त्या पोर्सिलेनवर चित्रं रंगवायच्या. गिअरच्या दांड्यावरचा गोल्फ बॉलही त्यांचाच. त्या कापडात दिखावा आहेच, पण कामही आहे. कापड वळणात अंगाला धरून ठेवतं. गुळगुळीत लेदरवर माणूस घसरतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतल्या लेदरेटवर बसणं ही शिक्षाच. आजच्या अनेक सीट्सनी त्यातला दिखावा तेवढा उचलला. लाल दोरा आला, त्यामागचा विचार वाटेत राहिला.

माझ्या सीटवरची सगळ्यात खरी टीका मात्र आधीच्या मालकानं, न लिहिता, करून ठेवली होती. गाडी घेतली तेव्हा दाराकडचा, म्हणजे उजवा बोल्स्टर चेपलेला आणि कापड तिथेच विरलेलं होतं. डावा जवळजवळ नवा. घाटातल्या वळणांनी सीट झिजली असती तर दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असत्या. ती झिजली होती चढता-उतरताना. सीटचं रोजचं काम ते होतं आणि त्याचा विचार कुणी केलेला नव्हता.

हे मला आईमुळे कळलं. तिचे गुडघे दुखतात. शेजारची सीट खोल, उंची बदलायची सोय फक्त ड्रायव्हरला. उतरताना तिला बोल्स्टरवरून पाय काढायचा, दाराची चौकट धरायची आणि मग जोर लावायचा. गेल्या गणपतीत गावी जाताना माणगावला चहाला थांबलो. ती म्हणाली, "तू पिऊन ये. मला नकोय." चहा नको म्हणणारी माझी आई नव्हे. परतीच्या वेळी म्हणाली, "मी एस.टी.नं येते रे, तिथे उठायला सोपं पडतं." मी ज्या सीटचं घाटात कौतुक करत होतो, तिनं माझ्या आईला गाडीतून बाहेर काढलं होतं.

कंपनीची अडचण मला समजते. एकच सीट, हजार तऱ्हेची अंगं आणि ठरलेला खर्च. पण आधार कुणाला द्यायचा, हा निर्णय असतो. इथे तो रविवारच्या एकट्या ड्रायव्हरच्या बाजूनं झालाय.

सध्या कमरेमागे गुंडाळलेला पंचा ठेवतो, पाठ दोन खाचा मागे केली आहे आणि मागच्या खिशातलं पाकीट काढून बसतो. बराच फरक पडलाय. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा सीटवर दहा मिनिटं नव्हे, अर्धा तास बसा. क्लच शंभर वेळा दाबा. पाच वेळा चढा-उतरा.

पुढच्या वेळी मी आईला घेऊन जाणार आहे. इंजिनाचा आवाज मी ऐकेन. सीट ती पास करेल.