मॅकेबचा दहा आणि आपला दहा

फंक्शनची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी दहाच्या वर गेली की टूल लाल रंग दाखवतं आणि आपण मुकाट्याने फंक्शन तोडायला बसतो. हा दहा आला कुठून? थॉमस मॅकेब यांच्या १९७६ च्या शोधनिबंधातून. तो मुळातून वाचला तर आपण त्यातलं नेमकं काय उचललं, हे कळतं.

कल्पना सुंदर आहे. प्रोग्रॅमचा आलेख काढायचा आणि त्यातल्या एकमेकांपासून स्वतंत्र वाटा मोजायच्या. व्यवहारात हिशोब सोपा: जितके निर्णय, अधिक एक. किती चाचण्या लिहाव्या लागतील, याचा चांगला अंदाज त्यातून येतो.

पण 'वाटा किती' आणि 'समजायला किती अवघड' हे प्रश्न एक नव्हेत. महिन्याचा क्रमांक घेऊन नाव देणारा बारा फाट्यांचा स्विच घ्या. आकडा तेरा. एकात एक घुसवलेले तीन इफ घ्या. आकडा फक्त चार. रात्री अकरा वाजता बग कशात शोधायला आवडेल? मॅकेबना हे दिसलं होतं. मोठ्या केस-विधानांना त्यांनी सूट दिली होती, आणि दहा ही मर्यादा वाजवी असली तरी जादूची नाही, असंही म्हटलं होतं. आपण आकडा ठेवला, सूट विसरलो.

माझा मुख्य आक्षेप मात्र आकड्यासाठी केलेल्या तोडफोडीवर आहे. अकरा निर्णयांचं फंक्शन, आकडा बारा. त्याची तीन फंक्शन्स केली तर निर्णय अकराच राहतात, पण प्रत्येकाचा 'अधिक एक' धरून बेरीज चौदा होते! टूल हिरवं झालं, वाचणाऱ्याची धावपळ वाढली. तुकड्यांना अर्थपूर्ण नावं देता आली आणि ते वेगवेगळे तपासता आले, तर तोडणं सार्थकी लागतं. पण ते हा आकडा सांगू शकत नाही. मार्टिन शेपर्ड यांनी तर १९८८ मध्येच दाखवलं की हे माप बरेचदा ओळींच्या संख्येपलीकडे फारसं काही सांगत नाही.

मग रिफॅक्टर कधी करायचं? मला अ‍ॅडम टॉर्नहिल यांची दिशा पटते: गुंतागुंतीसोबत बदलांची वारंवारताही बघा. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं किचकट फंक्शन निवांत झोपू द्या. दर आठवड्याला उघडावं लागतं आणि दरवेळी धाकधूक होते, ते आधी घ्या. त्यासाठी गिटचा इतिहास चाळायला पाच मिनिटं पुरतात.