उतारशाळेतला उपचार

दर तीन वर्षांनी एकदा, सामान्य काळातील पंधराव्या रविवारी, संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याची कथा पवित्र मिस्सात वाचली जाते. २०२५ च्या जुलैमध्ये ती आपण ऐकली. कथा इतकी ओळखीची, की वाटमारी होण्याआधीच श्रोत्याच्या मनात तिचा शेवट तयार असतो. या ओळखीपायी तिचे जे वाङ्मयीन मर्म हातून निसटते, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

पहिला दोष शीर्षकाचा. 'दयाळू शोमरोनी' हे नाव आपण दिलेले. लूकने या माणसाला एकही विशेषण लावलेले नाही. येशूच्या यहुदी श्रोत्यांना हे दोन शब्द शेजारी-शेजारी मांडणे सुचलेही नसते. आदल्याच, नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला उतरायला जागा नाकारली आहे आणि याकोब व योहान त्या गावावर आकाशातून अग्नी मागवायला निघाले आहेत. ज्या जमातीने दार लावून घेतले, तिच्यातलाच एक जण पुढच्या अध्यायात परक्या जखमीला उतारशाळेच्या दारापर्यंत नेतो. हा सांधा प्रवचनांतून क्वचितच दाखवला जातो. रविवारची वाचने तुकड्यातुकड्यांनी होतात, त्याला इलाज नाही; परंतु घरी बायबल उघडणाऱ्याने तरी एक पान मागे जावे.

आता कथेची गती पाहा. याजक आणि लेवी प्रत्येकी एका वाक्यात येतात आणि पलीकडच्या बाजूने निघून जातात. त्यांचे मन लूक उघडून दाखवीत नाही. शोमरोनी येतो, आणि एरवी शब्दांची काटकसर करणारा हा लेखक रेंगाळू लागतो. जवळ जाणे, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणे, त्या बांधणे, आपल्या जनावरावर बसवणे, उतारशाळेत काळजी घेणे, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून देणे: सारी हाताने करायची कामे. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. खर्च झाला तो दोन रोजांचा, मुक्काम एका रात्रीचा. मग हा माणूस आपल्या वाटेने निघून जातो.

हे निघून जाणे आम्हांला फार मोलाचे वाटते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड एकनाथ महाराजांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, अशी कथा महाराष्ट्रात परंपरेने सांगितली जाते. तिथे यात्रेचे सारे पुण्य पणाला लागले आहे; त्यागाची ती कथा आहे. शोमरोन्याने आपला प्रवास सोडलेला नाही. त्याचे काम त्याची वाट पाहते आहे, आणि परत येताना हिशेब पुरा करण्याचे तो कबूल करतो. सामान्य माणसाला परवडेल एवढेच त्याने केले. म्हणूनच या कथेपासून पळ काढणे अवघड आहे. एकनाथांपुढे निदान 'आपण काही संत नव्हे' असे म्हणून सुटता तरी येते.

मराठीत 'उपचार' हा शब्द मोठा सोयीचा आहे. वैद्य करतो तो उपचार, पूजेत सोळा असतात ते उपचार, आणि पाहुण्याला पाट-पाणी द्यायचे तोही उपचारच. पुढे 'औपचारिक' म्हणजे कोरडे असा अर्थ रूढ झाला आणि शब्दाची एक बाजू बधिर झाली. शोमरोन्याच्या हातून घडतो तो या सर्व अर्थांचा उपचार. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचे दुसरे प्रकरण या कथेला दिले, आणि पुढे सौजन्यावरही काही परिच्छेद लिहिले. थांबून 'माफ करा', 'आभारी आहे' एवढे म्हणायलाही माणसांना सवड उरली नाही, असे ते तिथे सुचवतात. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले तर परकेपणा वाटतो, हे खरे. पण परक्याचेही मानायचे नाहीत, हा त्या रिवाजाचा अर्थ नव्हे.

कथेत मात्र आभार कोणीच मानीत नाही. जखमी माणूस एक शब्दही बोलत नाही. शोमरोनी बोलतो तो फक्त उतारशाळेच्या मालकाशी, तेही व्यवहाराचे. ओरिजेन आणि संत ऑगस्टीन यांनी उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, असा रूपकार्थ लावला. अर्थ भव्य खरा. पण त्यात तेल तेल राहत नाही आणि मालक माणूस राहत नाही. रेम्ब्रांटने १६३३ च्या आपल्या कोरीव चित्रात मालकाला त्याची जागा परत दिली आहे. तो पैसे थैलीत टाकतो आहे. शोमरोनी आपल्याकडे पाठ करून उभा. मागे विहिरीवर एक बाई पाणी काढते आहे, आणि समोर, कोणी मर्यादाभंग म्हणो, एक कुत्रा विष्ठा करतो आहे. उपकारकर्त्याचा चेहरा चित्रकाराने दाखवलेलाच नाही.

आमच्या नियतकालिकांतल्या परोपकाराच्या कथांत नेमके उलटे घडते. देणारा मध्यभागी, घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी, आणि शेवटी आशीर्वाद. संपादकांनी अशा कथांना जरा कात्री लावावी, अशी आमची विनंती आहे. वाचकाला गहिवर येतो आणि तेवढ्यावरच काम भागते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या डार्ली आणि बॅट्सन यांच्या प्रयोगात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाटेत कण्हणारा माणूस भेटेल अशी योजना होती. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले; उशीर झालाय असे सांगून पाठवलेल्यांपैकी १० टक्के. काही जण याच दाखल्यावर भाषण द्यायला निघाले होते, पण त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

संकटात आपण कमी पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अडकलेल्या अनोळखी माणसांना मुंबईकरांनी चहा-बिस्किटे दिली, रात्रीपुरता आसरा दिला. कसोटी लागते ती कोरड्या दिवशी. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. आमच्या वाड्यांच्या कडेने इमारती उठल्या आणि त्यांत कुठून कुठून आलेली कुटुंबे राहू लागली. नळाला पाणी कधी येते, दवाखाना कुठे, एवढेच त्यांना विचारायचे असते.

शास्त्र्याने विचारले होते, शेजारी कोण? कथा संपल्यावर येशू त्यालाच विचारतो, की तिघांपैकी शेजारी कोण ठरला. उत्तर बरोबर येते; पण 'शोमरोनी' हा शब्द शास्त्र्याच्या तोंडून निघत नाही. ज्याने दया केली तो, असे म्हणून तो वेळ मारून नेतो. आमच्या वाडीतही दहा वर्षे शेजारी राहिलेल्या कुटुंबाचे नाव विचारले, तर 'ते बाहेरचे' एवढेच उत्तर मिळते.